दोराचा पीळ आणि रानाची विद्या

रानात जे हाताशी सापडेल त्यावर तग धरून राहण्याचे कौशल्य आज शहरांत पैसे मोजून शिकले जाते. सह्याद्रीत भटकंती करणाऱ्यांची संख्या वाढली, तशी ही कौशल्ये शिकवणारी शिबिरेही भरू लागली. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरी मात्र ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. कोणाचे आजोबा दोर वळत, कोणाची आजी रानभाज्या ओळखे, कोणाच्या घरी बांबूच्या कामट्यांची इरली विणली जात. तरीही वर्गात हे सांगताना मुलांचा आवाज खाली जातो. हा संकोच कोठून आला आणि तो कसा जाईल, हा आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ही कौशल्ये मुळात कोणत्या तत्त्वांवर उभी आहेत, हे आधी पाहू.

आधी काय, नंतर काय

रानात वाट चुकलेल्या माणसाला बहुधा प्रथम अन्नाची चिंता वाटते. वास्तविक अन्नाचा क्रम शेवटचा आहे. निरोगी माणूस अन्नावाचून काही आठवडे आणि पाण्यावाचून सुमारे तीन दिवस जगू शकतो. परंतु ओल्या अंगाने वाऱ्यात किंवा तळपत्या उन्हात उघड्यावर राहिल्यास काही तासांतच जीव धोक्यात येतो. म्हणून निवारा, पाणी, अग्नी आणि अन्न असा क्रम मुलांच्या मनावर ठसवावा लागतो. त्याही आधीचा नियम म्हणजे, वाट चुकल्याचे लक्षात येताच जागीच थांबावे आणि थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या किंवा हाका द्याव्यात. भांबावून धावणारा माणूस शोधणाऱ्यांपासून आणखी दूर जातो.

निवारा

निवाऱ्याचे छप्पर पानांचे असो वा गवताचे, त्याची शाकारणी खालून वर करतात. आधी खालची ओळ, मग तिच्यावर चढणारी वरची ओळ. कौलांची रचनाही हीच. त्यामुळे पावसाचा थेंब पानावरून पानावर घसरत जमिनीवर येतो, आत शिरत नाही. उतार जितका तीव्र तितके छप्पर कोरडे राहते. कोकणात आणि घाटमाथ्यावर भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतले जाणारे इरले याच तत्त्वावर बनते. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पळसासारख्या रुंद पानांचे थर दाबून बसवले की पाठीवर वागवता येणारे छप्परच तयार होते. निवाऱ्यात झोपताना अंगाखाली कोरड्या पाल्याचा वीतभर जाड थर हवा, कारण थंड जमीन शरीराची उष्णता शोषून घेते.

पाणी

कोरड्या ओढ्याच्या वळणावर, बाहेरच्या काठाशी वाळूत झिरा खणला तर बरेचदा पाणी लागते, आणि वाळूतून झिरपल्यामुळे ते बरेचसे गाळलेलेही असते. पाणी गढूळ असल्यास निवळीची बी दगडावर उगाळून त्यात ढवळतात. बियांतील द्रव्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. शेवग्याच्या बियाही हेच काम करतात. मात्र पाणी नितळ झाले म्हणजे निर्जंतुक झाले असे नव्हे. त्यासाठी ते खळखळून उकळावे लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीपर्यंत एक मिनिट उकळणे पुरेसे असते. त्याहून उंचावर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने तीन मिनिटे लागतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या डोंगरांत एक मिनिट पुरते.

या डोंगरांत राहून वर्षावास करणाऱ्या भिक्खूंनीही पाण्याचा असाच नेटका विचार केला होता. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. कान्हेरीच्या बहुतेक लेण्यांजवळ पावसाचे पाणी साठवणारी खोदीव टाकी आहेत आणि तेथील शिलालेखांत ‘पोढी’ या नावाने अशा टाक्यांच्या दानांची नोंद आहे.

अग्नी

लाकडावर लाकूड घासून थेट ज्वाला निघत नाही, हे मुलांना आरंभीच सांगितलेले बरे. धनुष्याच्या दोरीने काठी वेगाने फिरवली की खालच्या मऊ, कोरड्या फळीतून काळसर भुकटी निघते. फळीच्या खाचेत ती साचते आणि घर्षणाच्या उष्णतेने तिचा निखारा बनतो. हा इवलासा निखारा कोरडे गवत, नारळाचा काथ्या किंवा सावरीचा कापूस यांच्या घरट्यात ठेवून हळूहळू फुंकला की मग ज्वाला उठते. लाकूड दमट असेल तर सारी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. चकमकीत तत्त्व निराळे आहे. कठीण दगडाच्या धारेने पोलादाचे बारीक कण सुटतात, ते हवेत जळतात आणि त्याच ठिणग्या अर्धवट जाळलेल्या कापसावर झेलायच्या असतात.

दोर

या सर्व कौशल्यांत आम्ही दोराला विशेष स्थान देतो, कारण निवारा बांधणे, ओझे उचलणे, शिंकाळे टांगणे, धनुष्य ताणणे यांपैकी काहीच दोरावाचून होत नाही. अंबाडीचे दांडे सुमारे दोन आठवडे पाण्यात कुजवले की सालीचा वाख मोकळा होतो. घायपाताची पाने ठेचून, खरवडून पांढरा वाख काढतात. केवणीच्या म्हणजे मुरुडशेंगेच्या सालीचाही चिवट दोर होतो.

सुट्या तंतूंतून दोर होतो तो पिळामुळे. वाखाचे दोन पेड घ्यायचे. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि ते दोन्ही पेड एकमेकांवर उलट दिशेने गुंडाळायचे. पेडाचा पीळ सुटू पाहतो तेव्हा तो दोराचा पीळ अधिक घट्ट करतो, आणि दोर सुटू पाहतो तेव्हा पेड घट्ट होतात. दोन विरुद्ध ओढी एकमेकींना अडवून धरतात. ताण पडला की तंतू परस्परांवर आणखी दाबले जातात व घर्षण वाढते. म्हणून हातभर लांबीच्या तंतूंपासून कितीही लांब चऱ्हाट वळता येते. नवा वाख जोडताना दोन्ही पेडांचे सांधे एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे लागते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण दुराग्रही माणसासाठी वापरतो. पण ती रचली असेल कोणा दोर वळणाऱ्याच्या निरीक्षणावरून.

गावगाड्यात हे काम मातंग समाजावर जन्माने लादलेले होते. शेतकऱ्याचा कासरा, दावे, नाडा त्यांनी वळायचा आणि बलुत्यासाठी खळ्यावर हात पसरायचा. दोराविना मोट चालत नव्हती, तरी दोर वळणाऱ्याला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. बांबूकामातील बुरुडांची आणि खैरापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांची कथाही फारशी निराळी नाही. जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले. मुलांच्या संकोचाचे मूळ तेथे आहे. ज्या कामाने घराला कमीपणा आला ते काम विसरावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते सोडून पुस्तके हाती घेणाऱ्या पिढीने योग्यच केले. सक्तीचे काम सुटलेच पाहिजे होते. पण त्या कामात साठलेले ज्ञान आपले आहे. ते टाकून देण्याचे कारण नाही. दोर वळायला साऱ्या मुलांनी एकत्र बसावे आणि पीळ का टिकतो हे भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर मांडावे. मग तो दोर कोणा एका जातीचा राहत नाही.

वनस्पती आणि मर्यादा

रानभाज्यांबाबत आमचा नियम कडक आहे. जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही. पहिल्या पावसात उगवणारे शेवळ तसेच खाल्ले तर घसा विलक्षण खाजतो. म्हणून आदिवासी स्त्रिया ते काकडाची आंबट फळे घालून शिजवतात. कळलावीचे फूल मोहक दिसते, पण तिचा कंद प्राणघातक विषारी आहे. खाजकुयलीच्या शेंगेवरील लव आणि बिब्ब्याचा चीक यांपासून त्वचेला जपावे लागते. हे ज्ञान अनेक पिढ्यांच्या अनुभवाची किंमत मोजून मिळालेले आहे.

कायद्याचे भानही हवे. राखीव वनात झाड तोडणे किंवा आग पेटवणे हा गुन्हा आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने बांबूसह गौण वनोपजावर हक्क दिला आहे तो वनात राहणाऱ्या समाजांना. हौशी भटक्यांना नव्हे. त्यामुळे सराव शाळेच्या आवारात, पडलेल्या लाकडावर आणि बांधावरच्या घायपातावर करावा. पेटवलेला प्रत्येक विस्तव पाणी घालून, राखेला हात लावून थंड झाल्याची खात्री केल्याशिवाय सोडू नये.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे की घरातील वडीलधाऱ्यांना दोर, इरले, झिरा, शेवळ यांविषयी विचारावे आणि ते मुलांसमोर विचारावे. झाडांची नावे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावीत. ज्यांना वाख काढता येतो, कामट्या सोलता येतात, त्यांनी सुटीच्या दिवशी शाळेत येऊन ते सर्वांना शिकवावे. त्या तासाला ते आमचे गुरुजी असतील, आणि त्यांच्या नातवंडांना आपल्या आजोबांविषयी बोलताना आवाज खाली करावा लागणार नाही.