आगगाडी, कापूस आणि आपण



सचिन स्थानकावरून रोज अनेक गाड्या जातात. हा लोहमार्ग कोणी व कशासाठी टाकला, याची थोडक्यात माहिती आम्ही या अंकात देत आहोत.

वाफेवर चालणारी आगगाडी प्रथम ब्रिटनमध्ये धावली. तेथे १८२९ साली झालेल्या स्पर्धेत स्टीफन्सन पिता-पुत्रांचे 'रॉकेट' इंजिन विजयी झाले. कोळशाच्या आगीने बॉयलरमधील पाण्याची वाफ होते. ती वाफ सिलिंडरमधील दट्ट्या पुढे-मागे ढकलते आणि दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. वापरलेली वाफ धुरांड्यातून बाहेर पडते, तोच आपला 'झुक्‌ झुक्‌' आवाज!

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे प्रवासी गाडी धावली. आपल्या भागात बी.बी.सी.आय. या ब्रिटिश कंपनीने १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला टप्पा सुरू केला. पुढे तापीवर पूल झाला आणि १८६४ साली गाडी मुंबईला पोहोचली.

येथील कापूस बंदरापर्यंत नेणे व तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना पुरवणे, हा त्यामागील मोठा हेतू होता. कंपनीला ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा कमी पडला तर भरपाई भारतीय जनतेच्या करातून होत असे.

१९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाशी जोडली गेली. ज्या रुळांवरून खानदेशचा कापूस गेला, त्याच रुळांवरून पुढे नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, जळगावची माणसे कामधंद्यासाठी उधना-सुरतेस आली. या मार्गावरील नवापूर स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातमध्ये आहे. आपल्या समाजाचीच जणू ती ओळख आहे.

१८९५ साली अजमेरच्या कारखान्यात भारतात बांधलेले पहिले इंजिन तयार झाले. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून चित्तरंजन येथे इंजिने बनू लागली. परक्यांचे यंत्र आपल्या लोकांनी शिकून आपलेसे केले, हा बोध विद्यार्थ्यांनी घ्यावा.

आपल्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी डोळ्यांत कोळशाचे कण झेलत हा प्रवास केला असेल. ते कोणत्या स्थानकावर गाडीत बसले, सोबत काय आणले, येथे पहिले काम कोणते मिळाले, हे विद्यार्थ्यांनी त्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. सांगणारी माणसे आपल्या घरात आहेत, तोवरच ती मिळेल. पालकांनी या कामी मुलांना अवश्य सहकार्य करावे, ही विनंती.