शिरेत राहून गेलेली जाळी

1964 साली उभ्या राहिलेल्या चेन्नईतील अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कामगाराचे अपघातात कमरेचे हाड मोडले, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरली आणि डोक्यातील रक्तस्रावामुळे रक्त पातळ करणारी औषधे देता येईनाशी झाली, तर अधोमहानीलेत, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या पोटातील मोठ्या शिरेत, छत्रीच्या काड्यांसारखी तारांची जाळी बसवता येते; सुटलेली गुठळी तिथेच अडते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. जाळी काढता येण्याजोगी असली तरी ती काढण्याची आठवण ठेवायची कोणी, हा प्रश्न उरतोच. कामगार बरा होऊन बिहार-ओडिशातील गावी परतला, की त्याची फाइल चेन्नईतच राहते.

फ्रान्समध्ये 400 रुग्णांवर झालेल्या आणि 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाळीमुळे फुप्फुसात जाणाऱ्या गुठळ्या सुरुवातीला घटल्या, पण दोन वर्षांत पायात पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि मृत्यूंत फरक पडला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये, धोका टळला असल्यास जाळी काढण्यास ती बसवल्यापासून 29 ते 54 दिवसांचा काळ सर्वांत अनुकूल मानला.

एरवी मानेच्या शिरेतून नळी घालून, जाळीच्या टोकाचा आकडा फासात पकडून, तिला मिटवून बाहेर काढतात. वर्षे लोटली, की जाळी कलते, आकडा शिरेच्या भित्तीत रुततो आणि काड्या भित्तीबाहेर, कधी आतड्यापर्यंत किंवा महाधमनीपर्यंत जातात. म्हणून आधी सीटी स्कॅन आणि शिरेत रंगद्रव्य सोडून चित्रण अटळ ठरते. जाळीत मोठी गुठळी दिसली, तर काढणे पुढे ढकलून, शक्य असल्यास आधी औषधे देतात. रुतलेला आकडा श्वासनलिकेसाठीच्या चिमट्याने किंवा लेझर नळीने सोडवतात. नुसत्या जोराने ओढले, तर भित्ती फाटू शकते. रक्तस्राव झालाच, तर शिरेत फुगा काही मिनिटे फुगवून ठेवतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर आवरण असलेला स्टेंट बसवतात. विशेष म्हणजे भित्तीबाहेर गेलेली काडी मागे घेताना बहुधा मोठा रक्तस्राव होत नाही, कारण शिरेतील दाब कमी असतो आणि काडीभोवती तंतुमय ऊती जमलेली असते. काडी तुटून हृदयात गेली, तर ती फासाने पकडण्याचा विचार करावा लागतो. फुप्फुसाच्या बारीक धमनीत स्थिर राहिलेला, त्रास न देणारा तुकडा मात्र अनेकदा तसाच सोडतात.