तुळजापूरच्या वाटेवरचे उष्मांक
कोजागरीला सोलापूरहून हजारो स्त्री-पुरुष तुळजापूरला चालत जातात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने ७० किलो वजनाचा पुरुष या वाटेत ढोबळमानाने २,२०० किलोकॅलरी खर्च करतो, ५५ किलोची बाई १,७००. फरक मुख्यतः वजनाचा. शिवाय पुरुषाच्या अंगात स्नायू सरासरीने जास्त असतात, आणि स्नायूंना विश्रांतीतही चरबीपेक्षा अधिक ऊर्जा लागते. वजन सारखे असेल, तर चालण्यातला फरक फार थोडा उरतो. उलट लांबच्या, संथ श्रमात स्त्रीचे शरीर इंधन म्हणून चरबी तुलनेने जास्त वापरते. तेव्हा घड्याळावरचा उष्मांकांचा आकडा कमी दिसला, तरी तिची मेहनत कमी नसते. बायांनो, तुळजाभवानी आईच्या दर्शनाला जरूर चालत जा, पण उपाशीपोटी नको.