फिशटँकमधले मासे का दगावतात?

मुलाच्या वाढदिवसाला किंवा नव्या घराच्या वास्तुशांतीला काचेची पेटी हौसेने घरात येते. आठ-दहा दिवस सारे घर तिच्याभोवती रमते. मग एका सकाळी एक मासा पाण्यावर आडवा तरंगताना दिसतो. दोन दिवसांनी दुसरा. मुले रडकुंडीला येतात. 'माशाने घरावरचे संकट स्वत:वर घेतले,' असे कोणीतरी म्हणते. नवे मासे आणले जातात आणि पुन्हा तेच घडते.

संकट खरे असते, पण ते घरावरचे नव्हे, पेटीतल्या पाण्यातले!

न दिसणारे विष

मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाणी आरशासारखे नितळ दिसले, तरी त्यात हे विष असू शकते. जुन्या पेटीतल्या वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर उपयुक्त जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्राइटही घातकच, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. या जिवाणूंचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडले, तर ते स्वत:च्याच विषाने मरतात. म्हणून सुरुवात दोन-तीन काटक माशांपासून करावी आणि संख्या हळूहळू वाढवावी.

लक्षणे ओळखा

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले लालभडक दिसले, तर आधी पाण्याचा संशय घ्यावा. अशा वेळी खाद्य बंद करावे, एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि हवेचा पंप चालू ठेवावा. मत्स्यालयाच्या दुकानात पाणी तपासण्याचे संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो परजीवीचा रोग. पाण्याचे तापमान एकाएकी उतरले की तो बळावतो.

अति स्वच्छता नको

काही घरांत दर रविवारी सगळे पाणी ओतून, वाळू आणि स्पंज नळाखाली खळखळून धुतले जातात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उपयुक्त जिवाणू मरतात आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा 20 ते 25 टक्केच पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवून मगच घालावे. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. साबणाचा हात पेटीत कधीही घालू नये. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. नवा मासा पिशवीसकट 15-20 मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडावा. गोल्डफिश तर लहान गोल भांड्यात ठेवूच नये. तो वीतभर वाढतो आणि घाणही भरपूर करतो.

हौसेची मर्यादा

समुद्री मत्स्यालयात जिवंत प्रवाळ ठेवण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेलाच बरा. प्रवाळ खाऱ्या पाण्यातले थोडे बदलही सोसत नाहीत. शिवाय आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार प्रवाळांना संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा आहे.

हौस संपली म्हणून मासे नदीत किंवा तळ्यात सोडणेही चूकच. काच साफ करणारा सकर मासा असाच अनेक ठिकाणी पसरून स्थानिक माशांच्या जिवावर उठला आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला.

मासे पाळणे म्हणजे खरे तर पाणी पाळणे. पाणी सांभाळले, की मासे आपोआप सांभाळले जातात.