घरी शिकणाऱ्या मुलांचा मेळ

ज्यांचे शिक्षण शाळेऐवजी घरी चालते, त्या मुलांना पाठ्यपुस्तकांपेक्षा सवंगड्यांची उणीव अधिक जाणवते. म्हणून अशी कुटुंबे एकत्र येतात आणि इयत्ता व हजेरी यांची सक्ती न ठेवता, विषय मुलांनीच निवडावा, वडीलधाऱ्यांनी मागितल्यासच साहाय्य द्यावे, असा शिरस्ता पाडतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी का आणावे लागले, हा एकच प्रश्न हाती घेतला, तरी दर वाघिणीमागे सुमारे ५० हजार लिटरांचा हिशेब, मांजरेचे कोरडे पडलेले धरण आणि उसाची लागवड यांच्या ओघात गणित, भूगोल व अर्थशास्त्र आपसूक येते. परीक्षेचे भय अनाठायी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलास, शाळेच्या दाखल्यावाचूनही, स्वयंघोषणेवर दहावीच्या अभ्यासक्रमास प्रवेश देते. नांदेड-लातूरच्या पालकांनी ही मुभा अवश्य ध्यानी घ्यावी.