अंगणवाडीची खोली

कायदा उत्तम असावा आणि मुलाच्या पदरात त्यातले निम्मेही पडू नये, याचे उदाहरण कोणास पाहावयाचे असेल तर त्याने फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच शहरातील एखाद्या अंगणवाडीत सकाळी अकराच्या सुमारास जाऊन अर्धा तास बसावे, म्हणजे पुरे. गेल्या पंधरवड्यात आम्ही असे एके ठिकाणी जाऊन बसलो. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची एक खोली; लांबीरुंदी दहा-दहा फुटांची; दार एक, खिडकी एक, आणि त्या खिडकीचाही निम्मा भाग लोखंडी कपाटाने अडलेला. एवढ्या जागेत सत्तावीस मुले, एक सेविका व एक मदतनीस. आत नळ नाही. मदतनीस समोरच्या घरून दोन कळशा मागून आणिते आणि तेच पाणी पिण्यास, तेच हात धुण्यास व तेच भांड्यांस पुरवावे लागते. शौचकूप नाही; मुलास लागली म्हणजे त्यास गटाराच्या काठी नेऊन बसवावयाचे, आणि तेवढा वेळ मागे उरलेल्या सव्वीस जणांवर एकट्या सेविकेने नजर ठेवावयाची. सरकारी कागदात यास पूर्वप्राथमिक शिक्षणाचे केंद्र म्हणतात. आम्ही यास कोंडवाडा म्हटले तर कोणी रागावू नये.

आता कायदा काय म्हणतो तेही वाचकांनी ऐकावे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकास अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. तीन वर्षांवरील मुलास सकाळची न्याहारी व ताजे गरम जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे २०१३ च्या मूळ परिशिष्टात स्पष्ट लिहिले होते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. अंगणवाडीची योजनाही आजची नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ती देशात सुरू झाली. असे असता २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली व २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. त्यापूर्वीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या, पाहणीत हेच आकडे ३४.४ व २५.६ होते. मधल्या काळात किती परिपत्रके निघाली असतील ते परमेश्वर जाणे; काटा मात्र जागचा हलला नाही! कुपोषण म्हटले की आमचे शहरवासी मेळघाटचे नाव घेऊन मोकळे होतात. पण ही टक्केवारी सबंध महाराष्ट्राची आहे आणि आपली गल्ली महाराष्ट्राबाहेर नाही.

अन्नावर खर्च होतो तो थोडा आहे, हे खरेच. २०१७ साली सर्वसाधारण मुलामागे दर दिवशी आठ रुपये असा दर ठरविण्यात आला. त्यातील निम्मा भार केंद्राचा, निम्मा राज्याचा. आमच्या व्यापारी वाचकांनी आपल्याच दुकानच्या भावाने ऐंशी ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ, दोन चमचे तेल, मूठभर भाजी व जळण यांचा हिशोब एकदा मांडून पाहावा. धान्य सवलतीने मिळाले तरी डाळ पातळ का होते, हे मग कोणी निराळे सांगावयास नको. परंतु आमचे आजचे म्हणणे पैशांविषयी नाही, खोलीविषयी आहे. कारण डाळ घट्ट झाली तरी ती खाणाऱ्या मुलाचे हात धुतलेले नसतील तर उपयोग काय? घाणेरड्या पाण्याने महिन्यातून दोनदा ढाळ लागणाऱ्या पोरास खाल्लेले अंगी लागत नाही. त्याची भूक मरते, आतडी अन्नरस शोषून घेईनाशी होतात, आणि आजारातून उठेतो महिन्याची वाढ निघून जाते. फुटक्या घागरीत पाणी ओतण्याचाच हा प्रकार. जेथे बचत गटाकडून जेवण शिजून डब्यातून येते, तेथे ते शिजण्यात व वाढण्यात किती तास गेले हेही कोणी पाहत नाही. कोमट भात दोन तास झाकून ठेवला की त्यात रोगजंतू वाढू लागतात.

खोलीचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हे, जिवाचा आहे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे एका शाळेच्या स्वयंपाकाच्या जागेतून आग निघाली, ती गवती छपरास लागली आणि ९० हून अधिक मुले होरपळून गेली. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारात सारण जिल्ह्यातील गंडामन येथे माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. त्या शाळेस धान्य व तेल ठेवावयास स्वतःची जागा नव्हती. तो जिन्नस मुख्याध्यापिकेच्या घरी राही. पहिल्या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अविनाश मेहरोत्रा यांच्या खटल्यात निर्णय दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क समाविष्ट आहे. हा निर्णय शाळांविषयीचा असला, तरी सहा वर्षांच्या मुलास आगीपासून जपावयाचे आणि चार वर्षांच्या मुलास जपावयाचे नाही, असा अर्थ कोणता शहाणा वकील त्यातून काढील?

या कामाची मूळ कल्पना आपल्याच प्रांतात रुजली, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. आणि त्या अंगणात अक्षरांच्या आधी झाडलोट, आंघोळ व नखे कापणे असे. त्या कामास अंगण होते. आपण नाव तेवढे ठेविले आणि अंगण गाळले.

यावर आमचे काही मित्र म्हणतील की, आम्ही कर भरतो, खोली पाहणे सरकारचे काम आहे. बरोबर आहे, नगरपालिकेने आपल्या रिकाम्या गाळ्यांची व शाळांच्या ओस पडलेल्या वर्गांची यादी जाहीर करावी, अशी आमची पहिली मागणी आहेच. पण भाड्याची खोली देण्याची वेळ आली म्हणजे ‘पोरे दंगा करतात, भिंती खराब होतात’ असे सांगून दार लावून घेणारे सरकार नसते, आपणच असतो. भाडे थकले म्हणजे घरमालकाचे टोमणेही सेविकेनेच ऐकावयाचे. आणि या सेविकांस उपदान मिळण्याचा साधा हक्क आहे हे ठरावयास २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. ज्यांची मुले फी भरून बालवर्गात जातात त्यांनीही निश्चिंत राहू नये. शिक्षणहक्काचा कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याखालच्या वर्गात जिना अरुंद आहे की रुंद, फाटकाशी कोण उभे असते, लहानग्यांच्या डब्यात अख्खे शेंगदाणे जातात की काय (ते श्वासनलिकेत अडकून मूल क्षणात गुदमरते), हे विचारावयास पालकांवाचून दुसरे कोणी येत नाही.

आम्ही पाहिलेल्या त्या खोलीच्या मालकांनी ती दिवाळीपूर्वी रिकामी करून मागितली आहे. सेविकेने आजवर अकरा ठिकाणी विचारणा केली, अकरा ठिकाणी नकार आला. तिच्या दारासमोरच एका धर्मादाय संस्थेचे प्रशस्त सभागृह आहे. त्यास नळ आहे, दोन शौचकूपे आहेत, मागे भिंतीने बंद केलेले अंगणही आहे. ते आठवड्यातून सहा दिवस कुलपात असते. त्या संस्थेचे विश्वस्त आमचे नित्याचे वाचक आहेत.