मुखपृष्ठावरचा फोटो कोणाचा?

संगीत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांवरचे माझे पुस्तक छपाईला जाता जाता पाच महिने अडून राहिले. मजकूर तयार होता, मुद्रितशोधन झाले होते. अडले ते एका फोटोपाशी. मी संशोधन कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. तळटीप कशी द्यावी हेसुद्धा इतरांची पुस्तके वाचून शिकलो. मुखपृष्ठाची परवानगी मात्र तशी शिकता येत नाही, कारण छापील पुस्तकात ती ऋणनिर्देशाच्या एका ओळीत मिटून गेलेली असते.

फोटो एका मंडळीच्या मालकांच्या नातवाने ट्रंकेतून काढून दिला. १९३०च्या आसपासचा. मधोमध खुर्चीवर मालक, डावीकडे नट, मागे साजिंदे, आणि अगदी उजव्या कडेला, अर्धवट सावलीत, मंडळीचा स्वयंपाक करणारी बाई. माझे पुस्तक अशांविषयीच आहे: आचारी, शिंपी, पडदे ओढणारे, पेट्या वाहणारे. "खुशाल वापरा," नातू म्हणाले. मी खूश.

प्रकाशकांनी विचारले, "लेखी आहे का?" मी म्हटले, शंभरीला आलेला फोटो, त्याला कसली परवानगी! इथे माझी चूक होती. चित्रांचा हिशोब त्या मानाने सरळ असतो. चित्रकाराच्या हयातीत छापलेल्या चित्रावरचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांच्या अशा चित्रांवरचा हक्क २००४ अखेर संपला. दीनानाथ दलाल १९७१चे. त्यांच्या चित्रांना २०३१ संपेपर्यंत हात लावायचा तर विचारूनच. (आमच्या पिढीने त्यांची कितीतरी चित्रे दिवाळी अंकांतून कापून भिंतीला लावली, तो भाग वेगळा.) हक्क संपला तरी छापण्याजोगी प्रतिमा ज्या संग्रहालयाकडे असते ते तिचे शुल्क मागू शकते. काही संग्रहालये मागत नाहीत: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा २०१७पासून सर्वांना खुल्या केल्या आहेत.

फोटोचे तसे नाही. २०१२पर्यंत आपल्या कायद्यात फोटोची मुदत तो प्रकाशित झाल्यापासून मोजत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून झाली. आमचा फोटो तर ट्रंकेबाहेर कधी आलाच नव्हता. मागचा स्टुडिओचा शिक्का पुसट, फोटोग्राफर कोण ते कळायला मार्ग नाही. तेव्हा 'जुना म्हणजे मोकळा' हे गृहीत धरून चालणार नव्हते.

वाट सापडली ती कायद्याच्या कलम १७मध्ये. पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा; १९५७च्या आधीच्या कायद्यातही हेच होते. काच स्टुडिओत राहिली तरी हक्क गिऱ्हाइकाकडे. पण पैसे दिले होते हे दाखवायचे कसे? मंडळीची जमाखर्चाची वही मी दोन वर्षे चाळत होतो, तांदूळ आणि रॉकेलचे आकडे उतरवून घेत होतो. त्याच वहीत एका पानावर 'फोटोवाल्यास रुपये १२' अशी नोंद निघाली. आधी ती मी बिनकामाची म्हणून सोडून दिली होती.

म्हणजे हक्क मालकांचा, आणि त्यांच्यामागे वारसांचा. सगळ्या वारसांचा. ट्रंक ज्यांच्या माडीवर आहे त्यांचा एकट्यांचा नव्हे. दुसऱ्या गावच्या चुलतभावांना पत्र घातले, तर उत्तर आले की आम्हाला न विचारता दादाने फोटो दिलाच कसा. पाच महिन्यांतले तीन इथे गेले. पैशाचा प्रश्न नव्हता. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच होते. मी एस.टी.ने गेलो, फोटो दाखवला. त्यांनी तो पूर्वी पाहिलाच नव्हता.

परवानगी लेखी घेतली आणि सर्व आवृत्त्यांसाठी, जगभरासाठी असे स्पष्ट लिहिले. हे लिहिले नाही तर कायदा मुदत पाच वर्षे आणि क्षेत्र भारतापुरते धरतो. दुसरी आवृत्ती किंवा अमेरिकेतल्या वाचकाकडे जाणारे ई-पुस्तक तिथेच अडते. आणखी एक ओळ मी हट्टाने घातली: फोटो न कापता छापावा. कारण मुखपृष्ठकाराच्या पहिल्या मांडणीत बाई कापली गेली होती. त्याचे म्हणणे, कडेला गर्दी होते.

न कापता छापायचा म्हणजे फोटो दोन्ही पृष्ठांवर पसरवणे आले. पुस्तक उलगडले की उजवी बाजू मुखपृष्ठाची, त्यामुळे बाई पुढे आली. नट गेले मलपृष्ठावर आणि पुस्तकाचा कणा नेमका मालकांच्या खुर्चीवर आला. मुखपृष्ठकाराने फोटो दोन बोटे सरकवून मालकांना कण्यातून सोडवले, पण मागच्या बाजूलाच.

प्रत हातात घेऊन नातू म्हणाले, "आजोबा मागं गेले की हो!" मग चष्मा पुसून पुढच्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि चुलतभावांसाठी म्हणून आणखी चार प्रती मागून घेतल्या.